एक झाकण कमी

बावीस बरण्या, एकवीस झाकणं.
टेबलावर शेपू, ओकची पानं, सोललेला लसूण
आणि काकड्या. उरल्यासुरल्या, वेलीवरच पिवळट पडलेल्या.
अंगठ्याएवढ्या कोवळ्या होत्या त्या जुलैतच संपल्या.
"डुकराला घाल या," झिगिमांतास दारातून म्हणतो,
तेलानं काळे झालेले हात चौकटीला न लावता.
तीन दिवस तो बटाटे काढायचं यंत्र उघडून बसलाय.
उघडतो, पुसतो, जोडतो.
दर वेळी एक नट उरतो.
मी काही बोलत नाही.
माझंही एक झाकण कमी आहे.

योकूबास शाळेच्या पँटीत उभा.
मे महिन्यात ती टाचेखाली लोळायची.
आता दोन्ही घोटे उघडे,
त्यांवर डासांचे फोड, रासबेरीचे ओरखडे
आणि एक खपली, जिची हकीकत त्यानं अजून सांगितलेली नाही.
दुमड उसवून बघते. आत दोन बोटं कापड,
न विटलेलं, गर्द निळं,
दुकानातून आणलं त्या दिवसाएवढं निळं.
"राहू दे गं," तो म्हणतो, "खाली कोण बघतंय?"
खरंच आहे. पहिल्या दिवशी हातात फुलं असतात.
बाईंसाठी त्यानं डेलिया हेरून ठेवलेत,
त्यातले दोन कुणीतरी रात्रीतून कुरतडलेत.

बाहेर बाकावर सासरे घेवडा सोलतायत.
पोविलास कॅलेंडर बघत नाहीत.
त्यांच्या सदऱ्यावर लोकरीची बंडी चढली
की आम्ही समजायचं.
सोमवारी चढली.
बटण एक तुटलंय, तिथं त्यांनी तार घातलीय,
मला सांगितलं असतं तर लावून दिलं असतं.
सांगत नाहीत.

ऑस्तेयाच्या तीन पिशव्या जिन्याखाली.
काउनसला नर्सिंग शिकणार, शनिवारची बस.
पलंगाखालचा खोका हलवायचा नाही,
असं तिनं दोनदा बजावलं.
तिसऱ्यांदा नुसतं माझ्याकडे बघितलं.
दूध काढायला आज तीच गेली, न सांगता,
आणि बराच वेळ आली नाही.
बादली घेऊन आली तेव्हा
केसांत गवत होतं, गाल लाल,
गायीच्या पोटाला डोकं टेकून बसलं की होतात तसे.
मी म्हटलं, "झाकण बघितलंस का?"
दुसरं काय म्हणणार होते?

मग भांड्याला भांडं लागलं.
कपाटं उपसली, तळघर पालथं घातलं,
हा म्हणे तिनं, ती म्हणे ह्यानं,
झिगिमांतास म्हणे या घरात कधी काही जागेवर असतं का,
आणि मी त्याच्या त्या नटाकडे बघितलं,
तेव्हा तो गप्प झाला.

झाकण सरपणाच्या ढिगामागं सापडलं.
उलटं. आत पाणी, कोबीचं एक पान
आणि चार गोगलगायी.
"यांनीच खाल्ले डेलिया," योकूबास म्हणाला,
"अटक केलीय."
सासऱ्यांना ठसका लागला हसताना,
मांडीवरचा घेवडा सगळा गवतात.

तो वेचायला वाकलो आम्ही पाचही जण,
आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं
की समोरच्या कापलेल्या ओटच्या शेतात
रविवारपासून जमलेले करकोचे नाहीत.
तीसेक तरी होते. मोठे, घाई नसलेले,
बँकेच्या रांगेतल्यासारखे उभे.
दर वर्षी आम्ही त्यांना जाताना बघतो,
पोविलास टोपी काढतात.
या वेळी झाकण शोधत होतो.
"गेले वाटतं," ते म्हणाले,
आणि टोपी काढून, जरा वेळानं,
त्याच टोपीत घेवडा भरू लागले.

झाकण गंजलं होतं, उपयोगाचं नाही.
बाविसाव्या बरणीवर बशी ठेवली, वर दगड.
ती आधी संपवायची.
शनिवारच्या आत मुरणार नाही, कच्चीच लागेल,
तरी ऑस्तेया म्हणते, चालेल.

बटाट्याचं यंत्र संध्याकाळी सुरू झालं.
नट खिडकीत आहे.