काळ्या मनुका

शनिवारी दुपारीच भिजत घालते मी काळ्या मनुका,
पाव किलो, मांडवीच्या त्याच दुकानातून.
द्राक्षारस म्हटलं की आमच्या बडोद्यात
माणसं आधी परवाना विचारतात,
म्हणून प्रभुभोजनाला सासूबाईंच्या वेळेपासून हेच:
मनुका, पाणी, एक उकळी, मलमलीचं फडकं.
पिळताना मनगटापर्यंत जांभळी होते,
आणि सोमवारी ऑफिसात हेमांगिनीबेन विचारतात,
मेंदी ही असली कसली?

पावाच्या कडा कापते.
चौकोन, मग चौकोनाचे चौकोन.
कडा योएल चहात बुडवून खातो
आणि विचारतो, हा अजून पावच आहे ना?
हो, म्हणते. अजून पावच.

आठची उपासना मराठी, दहाची गुजराती.
मध्ये अर्ध्या तासात त्रेचाळीस पेले,
बोटाच्या पेराएवढे,
धुवून, पुसून, पुन्हा भरायचे.

तीन वर्षं मी भरते, धुते, आणि घेत नाही.
तबक आलं की पुढे सरकवते.
पाळकांना वाटतं, हिची काही प्रतिज्ञा असेल.
प्रतिज्ञा कसली. एक शिवणयंत्र.
सासूबाईंना मूठमाती देऊन आठवडा झाला नाही
तोच सलोमीवन्संनी टेम्पो आणून ते नेलं,
आणि दारात उभी राहून मी जे बोलले
ते मला अजून शब्दन् शब्द पाठ आहे.
स्तोत्रंसुद्धा इतकी पाठ नाहीत.

आज त्यांना उशीर झाला.
जागा नव्हती, माझ्याच बाकावर टेकल्या.
तबक त्यांच्याकडून माझ्याकडे यायचं होतं.
हात थरथरतो हल्ली त्यांचा.
मला कुणी सांगितलं नव्हतं.
पेले किणकिणायला लागले,
अख्खं देऊळ वळून बघेल असे.
मी खालून हात लावला.
तबक मी धरलं, त्यांनी घेतलं.
मग त्यांनी धरलं,
धरलं म्हणजे दोघींनीच,
आणि मी घेतलं.

"गोड निघाल्या गं या खेपेला मनुका."
एवढंच.
यंत्राचं नाव त्यांनी काढलं नाही. मीही नाही.

उरलेलं मोरीत ओतायचं नाही, हा सासूबाईंचा दंडक.
देवळामागच्या सीताफळाच्या बुंध्याशी ओतते,
मुंग्या तयारच असतात.
एका पेल्यात निम्मं तसंच होतं.
कोणाचा, ते विचारायला नको.
तो ओतवेना.
बाहेर गुजराती मंडळी जमायला लागली होती,
चपला, छत्र्या, केम छो.
उभ्या उभ्याच पिऊन टाकलं
आणि पेला नळाखाली धरला.
अजून अकरा राहिले होते.