परवान्याआधीचे पाय

मायनॉटमध्ये लॉन्ड्रीच्या माडीवर भरायचा आमचा वर्ग.
खाली ड्रायर घुमत, वर आम्ही पाचजणी
आणि एक निवृत्त ट्रकवाला,
बर्निसबाईंसमोर प्लास्टिकचं पाऊल धरून:
अंगठा म्हणजे डोकं, चवडा म्हणजे छाती,
टाचेशी कुठेतरी कंबर.
बाई म्हणायच्या, नकाशा आहे हा, गाव नव्हे.

परीक्षेआधी नव्वद जोड्या पाय.
प्रत्येक जोडीची नोंद, पेनाने, खाडाखोड न करता:
नाव, वय, त्वचा, किती मिनिटं, प्रतिसाद, सही.
पैसे घ्यायचे नाहीत.
बिटाच्या लोणच्याची बरणी चालेल का,
हे मी विचारलं नाही. घेतली.

साडेतीनशे वस्तीच्या गावात
नव्वद जोड्या आणायच्या कुठून, तेही जानेवारीत,
तीन-तीन मोज्यांखाली
माणसं स्वतःचे पाय विसरून गेलेली असताना?
मी धान्यकोठारावर, वजनकाट्याच्या खिडकीत कामाला.
ट्रक काट्यावर चढला की ड्रायव्हरला विचारायची,
बूट काढतोस का जरा?
काही हसले. काहींनी काढता पाय घेतला.

लिओना फिट्झ, वय एक्क्याण्णव.
इथे कुणी हात लावला नव्हता गं, आई गेल्यापासून,
म्हणाली, आणि डोळे पुसत राहिली.
त्याला रकाना नव्हता.
मी लिहिलं, प्रतिसाद: चांगला.

ऑर्व्हिलच्या डाव्या पायाला अंगठाच नाही.
डोकं कुठे दाबू मग?
ते राहिलं गोठ्यात, म्हणाला,
सहासष्टच्या हिमवादळात, एका वासरापायी.
बाईंना फोन केला.
नाही ते नाही असं लिही, म्हणाल्या, आणि पुढच्या बोटाकडे जा.

रात्री नियमांची पुस्तिका.
निदान करायचं नाही.
औषध सुचवायचं नाही, चालू असलेलं थांबवायचं नाही.
बरं करते, असं पाटीवर लिहायचं नाही,
बोलायचंही नाही.
मग उरलं काय? धरायचं.
आणि वेळेवर सोडायचं.

त्र्याऐंशीवी जोडी, वेंडेल. माझा भाऊ.
जमीन विकल्यापासून आम्ही बोलत नव्हतो.
वहिनीने पाठवला असावा; तो म्हणाला, वाट चुकलो.
सरळ एका रस्त्याच्या गावात.
डावा मोजा निघाला. उजवा निघेना,
तळव्याला चिकटलेला.
बुटात गव्हाचे चार दाणे आणि एक खडा,
आठवडाभर तो त्यावरून चाललेला.
साखर आहे त्याला, चौदा वर्षं.
लोक म्हणतात, तळपायाची आग मस्तकात जाते.
इथे आग तळपायातच विझलेली,
वरती काही कळवलेलंच नाही.

बोट लावलं नाही मी. नकाशा आठवलाही नाही.
म्हटलं, चल, गाडीत बस.
हे निदान होतं का?
बोलणं होतं एवढं खरं,
सहा वर्षांतलं पहिलं.

नोंद: मिनिटं शून्य.
बाईंनी वही डोळ्यांजवळ नेली, ठेवली.
चांगलं केलंस, म्हणाल्या. धरता येणार नाही.
तर त्र्याऐंशीवी जोडी पुन्हा शोधली,
पोस्टातल्या मुलाची, गुदगुल्यांनी हैराण झालेला.

परीक्षा एप्रिलमध्ये, बिस्मार्कला,
रस्त्याकडेला बर्फ काळं पडलेलं.
बोटांच्या हाडांची नावं मी दोनदा चुकले.
एकेचाळीसावा प्रश्न:
पायावर उघडी जखम दिसल्यास काय कराल?
चार पर्याय. बरोबर उत्तर 'क'.
'क'मध्ये गाडीचा उल्लेख नव्हता,
वायपरखाली साठणाऱ्या बर्फाचा नव्हता,
आणि शेजारच्या सीटवर तो बसला होता
रिकामा बूट मांडीवर घेऊन,
दोन्ही हातांनी धरून,
याचाही.