सहावं घर

उद्यमबागेतल्या माझ्या लेथवर
सुभेदार यल्लाप्पा कंग्राळकर
रुमालात बांधून घेऊन आले
दीडशे वर्षांपूर्वीचं अमेरिकन रिव्हॉल्व्हर.
घोडदळाचं. अक्रोडी मुठीवर
कुण्या तपासनिसाची पुसट अक्षरं.
पिन कायद्यानं घासलेली,
परवान्याचा कागद कन्नड, खाली सही मराठी.

"नंबर बघ," म्हणाले, भिंग पुढं केलं.
सांगाड्यावर एक, नळीवर दुसरा,
चक्रीवर तिसराच.
शस्त्रागारात दुरुस्तीला शेकड्यानं आली, खोलली,
हाताला लागेल ते बसवून
परत धाडली सरहद्दीवर.
पुण्याचा दलाल म्हणाला होता, भेसळ आहे, निम्मी किंमत.
सुभेदारांनी तेच घेतलं.
आई त्यांची गोकाककडची;
रेशनकार्डावर आडनाव एक, पेन्शनबुकात वेगळं.

मला करायचा होता एवढासा स्क्रू,
ज्याचे आटे आता कुठल्याच टॅपला जुळत नाहीत.
तीन वाया गेले.
चौथा बसला.
त्यांनी चक्री कानाशी धरून फिरवली,
टिक्‌, टिक्‌, डोळे मिटून.

"घरं सहा. पण शिपाई पाचच भरायचे.
घोड्याखालचं मोकळं.
खोगिरावरून पडलं चुकून,
तर कुणाचा जीव जाऊ नये."

पिनेचं ते कधीच बोलत नाहीत.

पैसे मी घेतले नाहीत.
शिफ्ट सुटली होती, फाटकावर
दोन्ही भाषांत शिव्या चालल्या होत्या.
रुमालाला गाठ मारली त्यांनी,
"मत्त बर्तीनि" म्हणाले,
अन् सायकलची चेन पडलेली,
ती बसवत बसले.