रोजचे दीड मिलिलिटर

गेल्झेनकिर्शनच्या आमच्या गल्लीत
माशांसाठी व्होडका घेणारी मी एकटीच.
दुकानातली पोरगी पहिल्यांदा हसली,
दुसऱ्यांदा हसली नाही.
समोरच्या फ्राऊ शिमान्स्कीने
काचेच्या कुंडीत पडणाऱ्या बाटल्या मोजल्या असतील.
मोजू दे.

चौतीस वर्षं डेटलेफ
जमिनीखाली हजार मीटरवर कोळसा फोडत होता.
खाण मिटली, खोकला राहिला.
आणि राहिला एक दगड, मुठीएवढा,
त्यावर शंखाच्या वळशाचा ठसा.
“इथे समुद्र होता, इर्मगार्ड,” तो म्हणायचा,
प्यायलेला असला की रडत,
नसला की नुसतंच.
मग त्याने पिणं सोडलं
आणि बैठकीच्या खोलीत
तीनशे लिटर समुद्र आणून ठेवला.

प्रवाळ हा दगड नव्हे, हे मला तेव्हा कळलं.
दगडाचं घर बांधून राहणारा जीव,
आणि जेवणाखाण्यात महा नखरेल:
घाण पाणी सोसत नाही, फार निवळलेलंही सोसत नाही.
मासे खातात, मासे हगतात,
पाण्यात नायट्रेट चढतं,
काचेवर हिरवी साय धरते.
त्यावर उतारा कार्बनचा.
साखर चालते, व्हिनेगर चालतं,
डेटलेफच्या पुस्तकात व्होडका पहिल्या नंबरावर.
डोळ्यांना न दिसणारे जंतू ती पिऊन माजतात,
माजता माजता नायट्रेट गिळतात,
आणि स्किमरच्या फेसात सापडून
उकळून उरलेल्या चहासारखे कपात जमतात.
“पुन्हा कार्बनच,” तो हसला होता.

कोळसा उगाळावा तितका काळा;
इथे जास्त झाला की पाणी दुधासारखं पांढरं होतं
आणि मासे वर येऊन हवेला तोंडं लावतात.
म्हणून माप, म्हणून सिरिंज,
म्हणून बाटली माझ्या कपाटात,
किल्ली माझ्या ॲप्रनच्या खिशात.
सकाळी सात वाजता दीड मिलिलिटर.
तो त्या वेळी मुद्दाम पाव आणायला जायचा.

नायट्रेट चाळीसवरून पाचवर आलं.
फांद्यांच्या टोकांना जांभळा कोंभ फुटला.

मार्चमध्ये टेस्टची नळी पुन्हा गुलाबी झाली.
दहा. अठरा. पंचवीस.
मासे तेवढेच, खाणं तेवढंच,
दीड मिलिलिटरही तेवढेच.
मी फिल्टर धुतला, स्किमर खोलून घासला,
जुन्या टेस्टला खोटं पाडायला नवी आणली.
तिनेही तेच सांगितलं.
मग एका रात्री, दिवा न लावता,
बाटलीचं झाकण काढून नाकाशी धरलं.
नळाचा वास आला.

किल्ली खिशातच होती.
ॲप्रन दाराच्या खिळ्यावर.

मी भांडले नाही.
भांडण माझ्यापाशी होतं, तयार, वर्षानुवर्षं घोटलेलं.
पण मी तिथे उभी राहून
त्या जंतूंचाच विचार करत बसले:
रोज सकाळी नेमाने पाणी पाजलं त्यांना,
आणि मला वाटत होतं, मी त्यांना जगवतेय.

दुसऱ्या दिवशी व्हिनेगर आणलं.
टेबलावर ठेवलं, उघड्यावर.
वहीत लिहिलं: नायट्रेट पंचवीस, व्होडका बंद.
वही त्याच्या चष्म्याखाली सरकवली.

तो बराच वेळ वाचत बसला.
एवढ्याशा ओळीला इतका वेळ लागत नाही.
मग टाकीकडे बघत म्हणाला,
“व्हिनेगर आठपट लागतं.”
“लागू दे.”
“पण आज चारच. एकदम झेपत नाही.”
सिरिंज त्याने घेतली.
हात कापत होता.
पंपाच्या झोतात थेंब सोडत
तो मोठ्याने मोजत राहिला,
पाळी सुटल्यावर खाणीच्या तोंडाशी
परत आलेले दिवे मोजावेत तसा.

आज एकवीस आहे.