तीन बोटं कमी

माप मीच घेतलं होतं,
हे आधीच सांगून टाकते.
शिलाईची टेप, वर्षानुवर्षं ओढून ताणलेली,
एकेचाळीस म्हणाली, मी एकेचाळीस म्हणाले,
आणि होटगी रोडच्या ग्रॅनाइटवाल्यानं
एकेचाळीसच कापून दिली.
काळी, आरशासारखी.
माझं तोंड मला नको तेवढं दिसलं तिच्यात.

जुनी शहाबादी निघताना निघेना.
दस्तगीर मिस्त्रीनं छिन्नी लावली
तर फरशीच्या आधी भिंतच आली हातात,
मूठमूठ चुना, माती,
आणि त्यात सुताचा गुंता. निळा.
कुठल्या चादरीचा, कोण जाणे.
भिंतीपलीकडे तीस वर्षं माग चालले,
भंगारात गेले त्यालाही आता सहा झाली.
इतक्या आत सूत गेलं कसं?
भिंतीनंही श्वास घेतलाच असेल की.

चार वाजता पट्टी बसली.
एप्रिल महिना, सिमेंट कालवता कालवता वाळत होतं.
डावीकडे सरकवली तर उजवीकडे तीन बोटं फट,
मध्ये घेतली तर दोन्हीकडे दीड दीड.
"कुठली फट ठेवू?" मिस्त्रीनं विचारलं,
दुकानदारानं साडीचा काठ विचारावा तसं.
उजवी म्हणाले. तिथं पडदा येतो.

मग खिडकी उघडेना.
नवा दगड जाड, जुनी झडप लोंबलेली,
वीतभर येते, घासते, थांबते,
व्याह्यांपुढं अर्धं बोलून गप्प बसावं तशी.
मिस्त्री म्हणाला, झडप रंधून घ्या.
सुतार म्हणाला, दगड घासून घ्या.
दोघंही शेवटी म्हणाले, तुम्ही बघा.

खरी गोष्ट पाण्याच्या दिवशी कळली.
पाचव्या दिवशी नळ आला, पहाटे साडेतीनला.
पिंप, हंडे, पातेली, देवाचा तांब्यासुद्धा भरला
आणि तरी नळ चालूच,
तेव्हा हौसेनं पट्टी बाहेरून धुतली.
पाणी क्षणभर थांबलं,
विचारात पडल्यासारखं,
आणि आत आलं.
कॉटवर. अंबादासच्या उशाशी.
"छत गळालंय का गं?"
"खिडकी गळालीय."
"खिडकी कशी गळंल?"
म्हणाला, आणि कूस बदलून झोपला.
माझ्या वाट्याला फडकं.

मिस्त्री तिसऱ्या निरोपाला आला.
पिवळी लेव्हल ठेवली दगडावर.
बुडबुडा बरोब्बर मध्ये.
"बघा वहिनी. केसभर फरक नाही."
मग काय वाटलं त्याला, तीच लेव्हल
खाली जमिनीवर ठेवली,
तर बुडबुडा पळाला भिंतीकडं, पलंगाकडं.
म्हणजे सगळं घरच रस्त्याकडं कललेलं.
मागांनी हलवून हलवून कलवलेलं,
खटाक खटाक, दोन पाळ्यांत,
कुणाच्या लक्षात न येता.
आणि जुनी फरशी घरासोबत कलत गेली
म्हणून पाणी निमूट बाहेर जायचं.
तिला आम्ही वाकडी म्हणून काढली.

"उतार द्यायचा तर उचकटावी लागंल,"
मिस्त्री बशीतला चहा फुंकत म्हणाला.
"उचकटली तर फुटंल."
राखून ठेवलेले तीनशे त्यानं मागितले नाहीत.
मीही काढले नाहीत.
जाताना मात्र मोरीजवळचा
जुन्या शहाबादीचा एक तुकडा उचलला,
न मोजता,
आणि उजवीकडच्या फटीत ठोकला. बसला.

आता पट्टी काळी आणि टोकाला राखाडी,
शेजारच्या राजव्वा विचारतात, ही डिझाइन आहे का.
पाणी घसरत तुकड्यापाशी येतं, तिथून बाहेर वळतं.
सगळं नाही. थोडं.
उरलेल्यासाठी टॉवेलची गुंडाळी ठेवलीय,
आपल्याच मागावरचा, सेकंडमध्ये काढलेला,
एका बाजूचा काठ विणायचा राहून गेलेला.