माझ्या वाट्याचा पूल

स्नेक नदीवरचा हा पूल
दोन राज्यांनी वाटून घेतलेला.
अलीकडचे दहा खांब ऑरेगनचे, पलीकडचे दहा आयडाहोचे,
मधला कुणाचा, यावर एकदा पत्रव्यवहार झाला होता.
उत्तर येईतो पत्र लिहिणारा निवृत्त झाला.

एकोणतीस वर्षं मी माझ्या अर्ध्यावर पट्टे ओढले.
मे महिन्यात, शेतातला कांदा बोटभर वर आला की
पलीकडून ऑर्विन टिबेट्स यायचा त्याची गाडी घेऊन.
त्याचा पिवळा हळदीकडे झुकणारा, माझा लिंबाकडे.
मध्यावर रेघा मिळायच्या,
कधी दोन बोटं चुकायच्या,
मग एकमेकांच्या सरकारला शिव्या घालत
आम्ही कठड्याला टेकून डबे उघडायचो.

त्याच्याकडे गांजा म्हणजे तुरुंग.
माझ्याकडे टायरवाल्याशेजारी गांजाचं दुकान,
आणि दारात उभ्या सगळ्या गाड्या त्याच्या राज्याच्या.
"तुझे लोक," तो म्हणायचा,
आणि मी मागे वळून बघायचो,
कोण आलंय म्हणून.

माझे लोक!
राजधानी डोंगरापलीकडे, सात तासांवर.
तिथल्या पावसात बसून आमच्या उन्हाचे कायदे करतात.
परगण्याने मतदान घेतलं : सोडचिठ्ठी द्या,
आम्हाला नदीपलीकडे नांदायचंय.
बायकोने हो म्हटलं, मी नाही.
त्या रात्री जेवताना मिठासाठी
दोघांनीही हात लांब केले,
मागितलं कुणीच नाही.

टीव्हीवर नकाशा दाखवतात : हे लाल, ते निळं.
मी रंगातला माणूस, सांगतो,
इतका सपाट रंग कुठेच बसत नाही.
ऊन खातं, टायर खातात,
एका हिवाळ्यात खालचं डांबर वर डोकावतं.

हिवाळ्यात मी बर्फ ढकलायचो.
नियम असा : मध्यावर पातं उचलायचं, गाडी वळवायची, परत.
पलीकडच्या बर्फाला हात लावायचा नाही,
तिथे विमा लागू नाही.

जानेवारीतली पहाट. ऑर्विनचा ट्रक.
मागच्या काचेत रायफल,
बंपरवर चर्चने वाटलेली चिकटपट्टी,
न जन्मलेल्यांची बाजू घेणारी.
शेजारी त्याची नात, टॅमसिन. एकोणीसची.
कपाळ काचेला टेकलेलं,
काचेवर श्वासाचा एवढासा गोल.
तो थांबला. काच खाली केली.
नदीकडे बघत विचारलं,
"तुमच्याकडचा तो दवाखाना, किती वाजता उघडतो?"
"आठला," मी म्हटलं. "मागच्या दाराने जा,
पुढे पाट्या घेऊन उभे असतात."
"माहीत आहे," तो म्हणाला.
"मीही उभा राहिलोय."

दिवसभर पडत राहिलं.
चारच्या सुमारास मी मध्यावर आलो,
पातं उचलायला हात दांड्यावर गेला
आणि तिथेच राहिला.
पलीकडचे दहा खांब.
मग उतार, मग पेट्रोलपंप,
मग बीटाच्या कारखान्याची भिंत,
पार त्याच्या गल्लीच्या तोंडापर्यंत.
परराज्यात, फुकटात,
नोंदवहीत न लिहिलेले तीन मैल.
घरी उशीर का, बायकोने विचारलं.
बर्फ, मी म्हटलं.

वसंतात त्याच्या अंगणात तीच पाटी उगवली.
माझ्या अंगणात माझी.
आमच्या घराला तर आता दोन पाट्या,
पायरीच्या डावीकडे एक, उजवीकडे एक,
पोस्टमन मधून येतो.

मे मध्ये ऑर्विन मध्यावर भेटला.
"तुझी रेघ वाकडी आलीय."
"तुझी कुठे सरळ आहे?"
वारा होता. खाली पाणी गढूळ,
दोन्ही काठांची माती घेऊन चाललेलं.
टॅमसिन कशी आहे ते मी विचारलं नाही.
"शिकतेय," तो आपणहून म्हणाला.
मग डब्यातून उकडलेलं अंडं काढलं, सावकाश सोललं,
अर्धं करायला खिशात सुरी शोधत राहिला.
सुरी नव्हती.
अख्खंच दिलं.