झाकण

बुधवारी अकराला आम्ही हवेत असतो.
हवेत म्हणजे कॉलेजच्या जिन्याखालच्या खोलीत.
भिंतींना अंड्यांचे रिकामे ट्रे,
पंखा बंद, कारण त्याची कुरकुर
शबाना मणियारच्या आवाजात मिसळते.
मी काचेच्या अलीकडे, घामाघूम,
बोट सरकपट्टीवर.

आमचा आवाज द्वारका ओलांडतो,
गंगेपलीकडे पंचवटीत जातो,
आडगाव नाक्याला खरखरतो
आणि त्यापुढे कुणाची कोण जाणे
भक्तिगीतं लागतात.

त्या बुधवारी विभागीय कार्यालयातून अहिरराव साहेब आले होते.
चक्क आले होते.
फाईल आणलेली. चहा बिनसाखरेचा.
पहिला फोन: घंटागाडी.
दुसरा: घंटागाडीच.
तिसरा तांबट आळीतून.

धोंडीराम तांबट. वय कुणी विचारलं नव्हतं,
त्यांनी सांगितलं, एक्क्याऐंशी.
"गणपतीच्या आधीपासून चेंबरला झाकण नाही.
माझ्या दारात. बोंद्रेंचा नातू
दप्तरासकट कमरेपर्यंत गेला.
मग मी घरचं घंगाळ पालथं घातलं त्याच्यावर.
माझ्या हातचं. नऊ किलोचं.
तिसऱ्या रात्री घंगाळ गेलं.
तर तुम्ही झाकणाचं बोला.
घंगाळाचं मी बघतो."

साहेब माईककडे सरकले.
"सदर बाब विभागाच्या विचाराधीन आहे."

"काय म्हणतोय?"

साठ वर्षं तांब्यावर हातोडा मारून
कानांत आता हातोडाच उरलेला.
मागे कुठेतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज,
मग सून. मंगल.
सासऱ्याच्या कानात ओरडली ती,
आणि द्वारका ओलांडून, गंगेपलीकडे,
सगळ्यांच्याच:
"अजून बघितलंच नाही म्हणतायत, अण्णा!"

साहेब थोडं हसले.
"तसं नाही ताई. अंदाजपत्रकीय तरतुदीच्या अधीन राहून..."
"पैसे नाहीत म्हणतायत!"
"निविदा प्रक्रिया प्रगतिपथावर..."
"पुढच्या गणपतीला!"

शबानानं तोंडापुढे कागद धरला.
माझं बोट पट्टीवरच.
बाईला खाली ओढायचं की राहू द्यायचं,
प्रशिक्षणात हे शिकवलं नव्हतं.

म्हातारा म्हणाला,
"मग सरळ सांगायला काय झालं त्याला?"

याचं भाषांतर कुणी केलं नाही.
रेडिओवर चार सेकंद शांत राहिलं
तर लोकांना वाटतं यंत्र बिघडलं.
मी मोजले. अकरा.
साहेबांनी चष्मा काढून फाईलवर ठेवला.
"झाकण नाहीये हो स्टोअरला.
एकही नाही. मी स्वतः तीनदा मागितलं,
मलाही विचाराधीनच म्हणाले."

आणि मंगलनं हे
तसंच्या तसं, शब्दाला शब्द,
कानात सांगितलं.

गुरुवारी फोन आला, साहेबांचा नाही,
साहेबांच्या वरच्यांचा.
रविवारी पुन्हा लावाल तेव्हा
तेवढा भाग जरा बघा.
मी बघितला. तीनदा.
मंगलच्या आवाजामागे आळीतला कुणाचा तरी हातोडा आहे,
ठण्ण, मग बराच वेळ नाही, मग ठण्ण.
तो काढायला गेलं की मंगल जाते.
ती काढली की साहेब
रिकाम्या खोलीत बोलत असल्यासारखे वाटतात.
शेवटी फक्त शबानाचं "धन्यवाद" कापलं.
ते दोनदा झालं होतं.

सोमवारी स्कूटर मुद्दाम आळीतून घातली.
चेंबरमध्ये बाभळीची फांदी रोवलेली,
तिला लाल फडकं.
ओट्यावर ते बसलेले, मांडीवर चेपका तांब्या.
एवढी वर्षं काचेच्या अलीकडे काढली मी,
माझा आवाज कधी नाक्यापर्यंतही गेला नाही.
जवळ जाऊन म्हटलं,
"काका, रेडिओवरून आलोय."

"काय म्हणतोय?"

मंगल घरात नव्हती.